डिटेलिंग केल्यावर हॉपर वाघीण रूळ का सोडते?

खोक्यातून काढलेली मॉडेल रेल्वेची कोळशाची हॉपर, म्हणजे खालून माल सोडणारी वाघीण, लेआउटवर, म्हणजे घरी मांडलेल्या रुळांवर, मुकाट धावते. मग आपण तिचं डिटेलिंग करतो, म्हणजे तिला तारेच्या दांड्या लावतो, खालची ब्रेकची सळई बसवतो, प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची घालतो, नकली कोळशाचा तुकडा उपसून आत गंज रंगवतो. वाघीण बघत राहावी अशी होते आणि पहिल्याच सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागी, रूळ सोडते. उचलून ठेवली की काही फेऱ्या नीट मारते, मग पुन्हा तेच. एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, अमेरिकी कोळसागाड्या चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेकांचा पहिला संशय रुळावर जातो.

तो संशय आधी निकालात काढा. वेगवेगळ्या वाघिणी एकाच जागी घसरत असतील तर दोष त्या जागेचा. एकच वाघीण ठिकठिकाणी घसरत असेल तर रुळाला हात लावू नका. वाघीण उचला, उलट्या तोंडानं ठेवा आणि पुन्हा चालवा. दर वेळी तिचं तेच टोक उतरत असेल तर दोष त्या टोकाच्या बोगीत, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीत, किंवा बोगीच्या वर चिकटवलेल्या सामानात आहे. कुठलंही टोक उतरत असेल तर वजन किंवा वाघिणी एकमेकींना जोडणारा कपलर बघायचा. ही उलटी ठेवण्याची चाचणी मिनिटभराची आहे, तरी माणसं ती न करता सांधे उखडायला घेतात.

डिटेलिंगनं वाघिणीच्या चार गोष्टी बदलतात: वजन, रुळापासूनची उंची, बोगीला वळायला मिळणारी जागा आणि चाकांचं फिरणं. या चारही गोष्टी रंग लावण्याआधी तपासता येतात. नंतर तपासायच्या तर रंग खरवडावा लागतो.

हातब्रेकचं टोक

एकच टोक उतरतंय असं दिसलं तर बहुधा ते हातब्रेकच्या चाकाचं टोक असतं. हा योगायोग नाही. बंद मालडब्यात ब्रेकचा सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप फरशीखाली मधोमध टांगता येतात. हॉपरच्या मधोमध कोळसा सोडायचे नाळे असतात, त्यामुळे तिथं जागाच नसते. म्हणून अमेरिकेतल्या नेहमीच्या दोन आणि तीन नाळ्यांच्या हॉपरमध्ये हे सगळं सामान टोकाला, उतरत्या पत्र्याखालच्या मोकळ्या जागेत बसवलेलं असतं. ती जागा बाजूनं आरपार दिसते. तिथल्या नळ्या आणि तरफा बसवल्या की मॉडेल एकदम खरं वाटायला लागतं, म्हणून डिटेलिंगचा सगळा उत्साह तिथंच उतरतो. आणि त्या जागेच्या बरोबर खाली बोगी असते.

खऱ्या रेल्वेची वळणं आपल्या वळणांच्या मानानं फारच सौम्य असतात. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर एचओची बोगी इतकी फिरते, की खऱ्या वाघिणीत निर्धोक असलेली सळई मॉडेलमध्ये चाकाच्या आड येते. बोगी हातानं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, आणि वळवताना एका बाजूनं वर दाबून धरा. सपाट टेबलावर न लागणारं चाक बोगी थोडी कलली की लागतं. नेमकं कुठं लागतंय ते डोळ्यांना दिसत नसेल तर चाकाच्या कडेला मार्कर फासा आणि वाघीण वळणावरून ढकला. जिथं घासलं असेल तिथं शाई उमटते.

घासणारा भाग वाकवून भागत असेल तर वाकवा, नाहीतर कापा. बोगीच्या वरची ब्रेकची सळई मी बोगीच्या अलीकडेच तोडतो. पलीकडचा भाग बाजूनं कधीच दिसत नाही. पायऱ्यांचंही तसंच. कोपऱ्यातली तारेची पायरी आत झुकली असेल तर तिची खालची दांडी बोगीच्या कडेला अडते.

धातूची चाकं आणि धातूची तार एकत्र आली की आणखी एक भानगड होते. एका आसावरचं एक चाक विजेपासून वेगळं ठेवलेलं असतं. लांब पितळी सळईला दोन वेगवेगळ्या रुळांवरची चाकं एकाच वेळी टेकली तर क्षणभर शॉर्ट होतो आणि इंजिन अडखळतं. लोक इंजिन उघडून बसतात आणि दोष असतो मागच्या दहाव्या हॉपरखाली. बोगीजवळची तार रंगवलेली असावी. त्याहून बरं म्हणजे तिथं प्लॅस्टिकची बारीक काडी वापरावी.

चाकं आणि बोगीचे स्क्रू

वाघीण चारही कोपऱ्यांत घट्ट बसवली तर रूळ जिथं किंचित पिळलेला असेल तिथं एक चाक हवेत राहतं. एका बोगीचा स्क्रू एवढा आवळा की बोगी मोकळी वळेल, पण आडवी डुलणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल सोडा म्हणजे ती सगळीकडं डुलेल. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड अंगणातही लंगडत नाही, त्यातलाच हा प्रकार. बोगी काढून रंगवल्यावर दोन्ही स्क्रू सारखेच घट्ट पिळले जातात आणि इतके दिवस चालणारी वाघीण अचानक घसरायला लागते. रंगकामानंतर सुरू झालेल्या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच बघतो.

चाकं बदलताना व्यास बघा. खऱ्या रेल्वेत ५० आणि ७० टनी हॉपरला ३३ इंची चाकं असतात, १०० टनीला ३६ इंची. एचओमध्ये ती साधारण ९.६ आणि १०.५ मिलिमीटरची होतात. १०० टनी वाघिणीला योग्य म्हणून मोठी चाकं घातली की आस वर जातो आणि त्याबरोबर सगळी वाघीण जवळजवळ अर्धा मिलिमीटर उचलली जाते. दिसायला ते काहीच नाही, पण कपलरला तेवढं पुरतं.

नव्या चाकांच्या आसाची लांबीही बोगीला जुळली पाहिजे. आस लांब झाला तर बोगीच्या बाजू फाकतात आणि चाक जड फिरतं. आखूड झाला तर चाक लटपटतं. एक मीटर फळीला दोन सेंटिमीटर चढ द्या, बोगी वर ठेवा आणि सोडा. ती आपोआप खाली घरंगळली पाहिजे. चाकांमधलं अंतर अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या, म्हणजे एनएमआरएच्या, पत्र्याच्या गेजवर, म्हणजे मापपट्टीवर, तपासा. नवीन पाकिटातली चाकंसुद्धा तपासावीत.

हल्ली खऱ्यासारखी दिसावीत म्हणून ०.०८८ इंच रुंदीची अरुंद चाकं घालायची आवड वाढली आहे. हॉपरची टोकं उघडी असल्यानं त्यांचा फरक खरोखर दिसतो. पण जुन्या सांध्यांच्या फटी ०.११० इंची चाकांच्या हिशेबानं ठेवलेल्या असतात आणि अरुंद चाक त्यात बुडतं. सांधे बदलायची तयारी नसेल तर हा मोह आवरलेला बरा.

कपलर

एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंचावर, म्हणजे सुमारे ९.९ मिलिमीटरवर असायला हवा. केडी कंपनीचं २०५ नंबरचं गेज रुळावर ठेवून ते लगेच कळतं. कपलर खाली असेल तर बोगीच्या वर पातळ वॉशर घाला. वर असेल, म्हणजे बहुधा मोठ्या चाकांमुळं, तर बोगीचा टेकू किंचित घासावा लागतो. हे काम कानशीनं थोडं थोडं करायचं आणि दर वेळी गेजवर बघायचं. उंचीत फरक असलेले दोन कपलर सपाटीवर धरून राहतात, पण चढ सुरू होतो तिथं एक दुसऱ्यावरून निसटतो किंवा हलकी वाघीण टोकातून उचलली जाते.

कपलरखाली लोंबणारी चुंबकाची वाकडी तार रुळाच्या माथ्यापासून १/३२ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास वर हवी. ती खाली लटकली तर सांध्याच्या मधल्या भागात अडकते आणि वाघीण उडी मारते. चुंबकानं वाघिणी सोडवत नसाल तर ती तार कापूनच टाका. खऱ्या वाघिणीला ती नसतेच. तिच्या जागी ब्रेकचा रबरी होज लावला तर शोभाही वाढते.

कपलरवर थेट मॅट क्लिअर, म्हणजे चमक घालवणारा पारदर्शक थर, मारू नका. दाढेत रंग बसला की ती उघडमीट करत नाही, कपलर मध्यावर परत येत नाही, आणि वळणावरून सरळ रुळावर येताना तो वाघिणीला बाजूला ओढत राहतो. स्प्रे करण्याआधी कपलर काढा किंवा कागदाच्या टेपनं झाका. दाढा वेगळ्या, ब्रशनं, बाहेरून रंगवा. वंगण म्हणून सुकी ग्रॅफाइट पूड घाला, तेल नको. तेलाला धूळ चिकटते.

वजन: हॉपरचं खरं दुखणं

इतर वाघिणींना वजन घालणं सोपं असतं. बंद डब्यात आत काहीही टाका, कुणाला दिसत नाही. रिकाम्या उघड्या हॉपरला लपवायला जागाच नाही. शिवाय कारखान्यातून येताना तिचं वजन अनेकदा नकली कोळशाखाली किंवा कोळशातच दडवलेलं असतं. रिकामी दाखवायची म्हणून तो तुकडा काढला की वजनही गेलं.

एनएमआरएची शिफारस एचओसाठी अशी आहे: मूळ १ औंस आणि वाघिणीच्या लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. ३४ फुटी दोन नाळ्यांची हॉपर मॉडेलमध्ये ४.७ इंच भरते, म्हणजे तिचं वजन सुमारे ९५ ग्रॅम हवं. ४० फुटी तीन नाळ्यांचीला १०६ ग्रॅम. ५२ फुटांच्या आसपासच्या बंद छताच्या धान्याच्या हॉपरला १३० ग्रॅम. घरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. रिकामी दोन नाळ्यांची हॉपर यापेक्षा बरीच हलकी निघेल.

हलकी वाघीण एकटी नीटच धावते. गाडीच्या मध्ये ती जड वाघिणींच्या तावडीत सापडते. वळणावर ओढताना पुढचं इंजिन आणि मागच्या भरलेल्या वाघिणी मिळून गाडी सरळ रेषेत ताणायला बघतात, आणि मधली हलकी हॉपर वळणाच्या आत कोलमडते. मागून ढकलताना हीच हॉपर बाहेर फेकली जाते. म्हणून वळणावर आत पडते की बाहेर, हे बघणं महत्त्वाचं. ओढताना आत पडत असेल तर वजनाचा हिशेब जवळजवळ नक्की चुकलेला आहे.

मग वजन घालायचं कुठं? मधल्या तुळईच्या पोकळीत, टोकांकडच्या उतरत्या पत्र्यांच्या खालच्या अंगाला, आणि नाळ्यांचे साचे आतून पोकळ असतील तर त्यांत. १ मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या पत्र्याचा २५ मिलिमीटरचा चौरस साधारण ७ ग्रॅम भरतो. असे दोन चौरस दोन टोकांना लावून काळे रंगवले की ब्रेकच्या नळ्यांमागं दिसत नाहीत. तुळईत ४ बाय ४ मिलिमीटरची ६० मिलिमीटर लांब शिशाची पट्टी बसली तर आणखी ११ ग्रॅमच्या आसपास मिळतात. धातूच्या चाकांचे काही ग्रॅम तळाशी मिळतात आणि तळाशी मिळालेलं वजन सगळ्यात गुणाचं. टंगस्टन शिशाच्या सुमारे १.७ पट घन आहे. महाग पडतो, पण अरुंद पोकळीत तोच उपयोगी.

कोकण-गोव्याकडच्यांना शिसं शोधायला लांब जावं लागत नाही. मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या बंदरावरच्या दुकानात मिळतात. त्या हातोडीनं चपट्या करता येतात. शिसं विषारी आहे. हातमोजे घाला, कानशीचा चुरा ओल्या कागदानं पुसून घ्या, आणि हे काम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करू नका.

शिसं चिकटवायला पांढरा लाकूडकामाचा गोंद वापरायचा नाही. सुरुवातीला काही होत नाही. बंद पोकळीत त्या गोंदातून सुटणारी आम्लाची वाफ शिशावर हळूहळू काम करते, त्याचा पांढरा क्षार होतो आणि तो फुगतो. बारीक छर्रे गोंदात कालवून भरलेल्या वाघिणींच्या बाजू काही वर्षांनी आतून फाकतात. ब्रिटनमधल्या मॉडेलवाल्यांमध्ये या प्रकारामुळं मॉडेल इंजिनांच्या फुटलेल्या बॉयलरांच्या कहाण्या सर्रास ऐकू येतात. दोन ट्यूबचा इपॉक्सी किंवा सुपरग्लू वापरा.

एवढं करूनही रिकामी हॉपर ९५ ग्रॅमला पोचत नाही. तो हट्ट सोडावा असं माझं मत आहे. सगळ्या रिकाम्या हॉपर एकमेकींइतक्या वजनाच्या असणं शिफारशीइतकं वजन असण्यापेक्षा मोलाचं आहे. खऱ्या रेल्वेवरही खाणीकडं जाणारी गाडी सगळी रिकामी आणि तिथून निघालेली सगळी भरलेली असते. रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन वेगळ्या गाड्याच ठेवा. एकत्र चालवायच्याच असतील तर भरलेल्या पुढं, इंजिनामागं, आणि रिकाम्या शेपटीला.

भरलेल्या हॉपरमध्ये उलटी चूक होते. कोळशाच्या ढिगाखाली वर वर वजन ठासलं जातं आणि वाघीण डुलायला लागते. वजन नाळ्यांच्या तळाशी घाला, वर फोमचा हलका ठोकळा ठेवा आणि त्यावर कोळशाचा पातळ थर द्या. ठोकळा पुठ्ठ्याचा नको. पावसाळ्यात मुंबईसारख्या दमट हवेत तो वाकतो, वाघिणीच्या बाजू बाहेर ढकलतो, आणि फुगलेली वाघीण फलाटाला घासते. ठोकळा दोन्ही बाजूंनी अर्धा मिलिमीटर कमी ठेवा.

कोळसा खराच वापरा. रंगवलेल्या वाळूला ती चकाकी येत नाही. कापडात गुंडाळून हातोडीनं फोडा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. तीन इंची ढेकूळ १:८७ मध्ये ०.९ मिलिमीटरची होते, म्हणजे भरड रव्याच्या आसपास. बाजारात मिळणारे बहुतेक नकली ढिगारे यापेक्षा बरेच जाड असतात, म्हणून ते खेळण्यासारखे दिसतात. जुन्या काळातली खाण दाखवत असाल तर नळीतून पडलेले वेगवेगळे उंचवटे ठेवा. अलीकडची अखंड भरणारी खाण असेल तर कापून काढल्यासारखा एकसारखा ढीग शोभतो.

रंगाच्या दोन तक्रारी

मॅट क्लिअर मारल्यावर वाघिणीवर पांढुरका पडदा येतो. पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारला की हवेतला दमटपणा त्यात अडकतो. कोरड्या दिवशी किंवा एसीच्या खोलीत कोरड्या हवेत काम करा. अल्कोहोलमध्ये शाई मिसळून केलेली धुवण मॅट लॅकरवर दिली तरी असाच पडदा येतो. त्यावर पुन्हा हलका मॅट थर मारला की तो बहुधा जातो.

दुसरी तक्रार आतल्या गंजाची. कोळशातल्या गंधकामुळं आणि पाण्यामुळं आतला रंग लवकर जातो आणि पत्रा गंजतो, हे खरं. पण तो नारिंगी राहत नाही. दर फेरीत घसरणारा कोळसा त्याला घासतो, त्यामुळं उतरता पत्रा गर्द तपकिरी आणि करडा, जागोजागी गुळगुळीत दिसतो. नारिंगी फक्त कोपऱ्यांत आणि शिवणींत, अगदी थोडा. रंगाआधी साच्याच्या गोल खुणा पुट्टीनं बुजवा, कारण रिकाम्या हॉपरमध्ये नजर आधी तिथंच जाते. आणि वरची कड आतून तासून पातळ करा. १ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक म्हणजे खऱ्या मापात साडेतीन इंच पत्रा, आणि खरा पत्रा पाव इंचाच्या आसपास असतो. एवढं एक काम तारेच्या दहा दांड्यांपेक्षा जास्त फरक पाडतं.

दांड्यांसाठी ०.०१० इंचाची तार हवी. आपल्याकडं ती वाद्यांच्या दुकानात गिटारची सगळ्यात बारीक तार म्हणून नेमक्या याच जाडीत मिळते. पोलादी असल्यानं ती वाकवायला चिवट, आणि समुद्राजवळ गंजते, म्हणून लगेच प्रायमर मारा. फॉस्फर ब्राँझ मिळाली तर तिला तोड नाही.

काळ सांभाळा, म्हणजे चाकं आणि ब्रेक पुन्हा बदलायची वेळ येत नाही. १९३३ नंतरच्या नव्या वाघिणींना एबी जातीचा हवेचा ब्रेक. वाघिणी आपोआप ओळखण्याच्या एसीआय पद्धतीच्या रंगीत पट्ट्या १९६७ ते १९७७ च्या दरम्यानच्या. १९६६ पासून नव्या बंद मालडब्यांच्या छतावरची चालायची फळी गेली, पण बंद हॉपरवर ती राहिली, कारण झाकणं उघडायला माणसाला वर चढावंच लागतं.

भारतीय रेल्वेच्या बॉबर जातीच्या हॉपर बनवणाऱ्यांनाही वजनाचा आणि कपलरचा हाच हिशेब लागू पडतो. फरक गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा. १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर होतो आणि आपण तो १६.५ च्या रुळावर चालवतो. त्यामुळं वाघीण रुळाच्या मानानं रुंद आणि वर जड होते. वजन जमेल तेवढं खाली ठेवण्याची गरज तिथं आणखी जास्त.

सगळं जुळवल्यावर वाघीण गाडीच्या मध्ये घाला आणि गाडी उलटी, हळू, यार्डातल्या सगळ्यात वाईट सांध्यांतून ढकला. ओढताना झाकले जाणारे दोष ढकलताना उघडे पडतात. त्यातून पार पडली तर रंगाचा डबा उघडा. एवढं करूनही एखादी वाघीण हट्टानं उतरतच असेल तर तिच्या बोगीची चौकट साच्यातच पिळलेली असते. ती काचेवर ठेवून बघा. चारही चाकं टेकत नसतील तर दुरुस्तीच्या नादी न लागता बोगी बदला.